पार्टिकल बोर्डाच्या कपाटात स्क्रू टिकवायचा कसा

कपाटाचे दार बिजागरीसकट निखळून हातात येते, तेव्हा त्या बिजागरीतले स्क्रू एकदा उजेडात धरून पाहावेत. ते बहुधा सरळ आणि अखंड असतात, त्यांचे आटेही झिजलेले नसतात. फक्त आट्यांच्या खोबणीत पिवळसर भुसा गच्च बसलेला दिसतो. थोड्या वेळापूर्वीपर्यंत स्क्रूला धरून ठेवणारा बोर्ड तो हाच. नवखा माणूस अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन अधिक जाड स्क्रू मागतो, आणि तो त्याच भोकात कोंबल्यावर एखाद-दोन महिने बरे जातात. पण लोखंड मोडलेलेच नव्हते, त्यामुळे ते वाढवून दुखणे जात नाही. पार्टिकल बोर्डाचे सामान जोडताना बोर्डाचा विचार आधी आणि स्क्रूचा नंतर करावा लागतो.

गोव्यातल्या जुन्या घरांत सामान सागवानाचे, फणसाचे किंवा शिसवाचे असे, आणि मेस्त, म्हणजे सुतार, एका लाकडात खाच पाडून तीत दुसऱ्याचे टोक बसवत असे. स्क्रू असला तरी दुय्यम. आज पर्वरी, म्हापसा, मडगाव इथल्या भाड्याच्या फ्लॅटांत येणारे कपाट खोक्यातून सुट्या फळ्यांच्या रूपात येते, ते आपणच जोडायचे असते आणि घर बदलताना आपणच सोडवायचे असते. हा लेख अशांसाठी आहे.

आधी बोर्ड ओळखावा

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे राळेत, बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडच्या राळेत, भिजवून गरम दाबाखाली थापलेला तक्ता. त्याची कापलेली कड नीट पाहिली तर तीन थर दिसतात: वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाशी बारीक, घट्ट दाबलेला भुसा, आणि मध्ये जाडसर तुकड्यांचा सैल गाभा. वाया गेलेल्या तुकड्याच्या कडेवर अंगठ्याचे नख आडवे ओढून पाहावे. दोन्ही टोकांना नख घसरते आणि मध्यावर ते किंचित रुतते, कधी एखादी ढलपीही सुटते. कडेतून मारलेला प्रत्येक स्क्रू याच मऊ भागात जातो, हे नखाला कळले की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

सागवानात लांब धागे असतात. स्क्रूचे आटे त्यांच्यामध्ये शिरतात आणि धागे पुन्हा आट्यांवर दाब धरतात. पार्टिकल बोर्डात असे धागे नसतात, तुकड्यांना धरून ठेवणारी फक्त राळ असते, आणि ती एकदा तुटली की परत जुळत नाही. पृष्ठभाग आणि कड यांतला फरक भारतीय मानकांनीही आकड्यांत मांडला आहे: प्रीलॅमिनेटेड, म्हणजे वर शोभेचा कागद आधीच चिकटवलेल्या, पार्टिकल बोर्डासाठी असलेल्या आयएस 12823 मध्ये पहिल्या प्रतीच्या बोर्डाने पृष्ठभागातून स्क्रू उपसताना किमान 1250 न्यूटन आणि कडेतून उपसताना किमान 850 न्यूटन ओढ सोसली पाहिजे, असे सांगितले आहे. साध्या भाषेत हे अनुक्रमे सुमारे 127 आणि 87 किलो झाले. हे आकडे ठरावीक मापाच्या स्क्रूचे, प्रयोगशाळेत नीट पाडलेल्या भोकाचे आणि कोरड्या बोर्डाचे आहेत; आपल्या घरच्या घाईच्या कामात ते तसेच मिळतील अशी आशा धरू नये. बोर्ड विकत घेताना त्यावर आयएसआयची खूण आणि हा क्रमांक आहे का, एवढे मात्र जरूर पाहावे, कारण वरचा सनमायकासारखा कागद सगळ्याच बोर्डांवर सारखाच सुंदर दिसतो.

स्क्रू निवडणे

दुकानात चिपबोर्ड स्क्रू या नावाने मिळणारा स्क्रू घ्यावा. त्याची दांडी बारीक, आटे खोल आणि एकमेकांपासून लांब असतात, आणि दांडी वरपासून खालपर्यंत एकसारख्या जाडीची असते. जुन्या पद्धतीचा, डोक्याकडे जाड होत जाणारा लाकडी स्क्रू कडेत पाचरीसारखे काम करतो आणि बोर्ड मधोमध उकलतो. जिप्सम बोर्डासाठीचे काळे स्क्रू स्वस्त आणि टोकदार असल्यामुळे अनेक जण सर्रास वापरतात. ते ठिसूळ असतात, डोके चटकन तुटते, आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत त्यांना पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. जस्ताचा मुलामा असलेला स्क्रू घ्यावा, आणि स्वयंपाकघराच्या मोरीखाली शक्य असेल तर स्टेनलेस स्टीलचा.

लांबीबाबत एक साधा हिशेब आहे. पकड ही बोर्डात रुतलेल्या आट्यांच्या लांबीवर अवलंबून असते, म्हणून कडेत जाणारा स्क्रू लांब असावा: 18 मिलिमीटरच्या दोन फळ्या काटकोनात जोडायच्या असतील तर 50 मिलिमीटरचा, म्हणजे बाहेरच्या फळीची जाडी वजा जाता 32 मिलिमीटर कडेत उतरतात. पृष्ठभागात मात्र फळीची जाडीच मर्यादा घालते, आणि तिथे 18 च्या फळीला 16 मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. जाडी वाढवण्याचा मोह कडेत टाळावा. 18 मिलिमीटरच्या कडेत साधा स्क्रू 4 ते 5 मिलिमीटरहून जाड असू नये.

भोक पाडणे

भोक न पाडता मशीनने सरळ स्क्रू मारणे ही नवख्यांच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक आहे, आणि ती मीही केलेली आहे. माझ्या पहिल्या पुस्तकांच्या कपाटात मी एका संध्याकाळी 24 स्क्रू असे मारले. त्यांतले 9 जागच्या जागी मोकळे फिरू लागले आणि दोन ठिकाणी फळीची कड पुरीसारखी फुगली.

दोन फळ्या जोडताना दोन वेगवेगळ्या मापांची भोके लागतात. ज्या फळीतून स्क्रू नुसता पार जायचा आहे, तिच्यात स्क्रूच्या बाहेरच्या जाडीएवढे किंवा किंचित मोठे भोक पाडावे. 4 मिलिमीटरच्या स्क्रूला 4 किंवा साडेचार. ज्या फळीत त्याने पकडायचे आहे, तिच्यात आटे सोडून उरलेल्या दांडीच्या जाडीएवढे किंवा त्याहून थोडे कमी भोक हवे. त्याच स्क्रूला साधारण अडीच मिलिमीटर. पहिल्या फळीत मोठे भोक नसेल तर आटे दोन्ही फळ्यांत एकदमच रुततात, मधली फट तशीच राहते, आणि ती मिटवण्यासाठी आपण स्क्रू आवळत जातो तेव्हा कडेतले आटे उखडतात. सांधा घट्ट का बसत नाही, याचे हे एक कारण पुष्कळांना माहीत नसते.

पेन्सिलीने कडेच्या जाडीचा मध्य आखावा, 18 च्या फळीत तो 9 मिलिमीटरवर येतो, आणि खिळ्याच्या टोकाने तिथे लहानशी खूण ठोकावी, म्हणजे बिट घसरत नाही. बिटला खोलीच्या मापावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी. मशीन फळीशी काटकोनात धरली आहे का, हे दुसऱ्या माणसाला बाजूने पाहायला सांगावे. तिरके भोक कडेतून पृष्ठभागाकडे सरकते आणि वरचा कागद टेंगूळ आल्यासारखा उचलला जातो. फळीच्या टोकापासून पहिला स्क्रू किमान 5 सेंटिमीटर आत असावा. भोक पाडून झाल्यावर आतला भुसा फुंकर मारून किंवा ब्रशने काढावा, नाहीतर तो तळाशी साठतो आणि स्क्रू पूर्ण बसायच्या आधीच अडतो.

पिळणे, आणि वेळेवर थांबणे

पुढची पायरी वाचून येत नाही, हाताला शिकवावी लागते. उरलेला एखादा तुकडा घ्यावा, त्यात वरील मापाने भोक पाडावे आणि साध्या पेचकसाने स्क्रू पिळत जावे. सुरुवातीला विरोध हळूहळू वाढत जातो. डोके फळीला टेकले की तो एकदम वाढतो. तिथून पुढे आणखी थोडे पिळले की मनगटाला अचानक हलके वाटते. तो हलकेपणा म्हणजे आट्यांमधला बोर्ड कापला गेला. डोके टेकल्यापासून हा क्षण येईपर्यंत आपला हात किती फिरला, हे लक्षात ठेवावे. कडेत तो फारच थोडा फिरतो. अशी दहा भोके मुद्दाम वाया घालवली की अकरावे कपाटात बिघडत नाही.

मशीन वापरायचीच असेल तर तिची पकड सोडणारी कडी, जिच्यावर आकडे असतात, ती सर्वांत खालच्या आकड्यांपासून सुरू करावी आणि शेवटचे एक-दोन फेरे हातानेच द्यावेत. काढलेला स्क्रू परत त्याच भोकात घालताना तो आधी उलटा, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने, हळू फिरवावा; एका जागी तो टक् करून किंचित खाली बसतो. जुन्या आट्यांची वाट सापडल्याची ती खूण असते, आणि मग सुलटा पिळावा. हे न करता सरळ पिळला तर तो शेजारून नवे आटे पाडतो आणि जुने व नवे दोन्ही मिळून भोक पोखरले जाते.

साध्या स्क्रूपलीकडचे सांधे

खोक्यातून येणाऱ्या सामानात तीन गोष्टी हमखास असतात. पहिली लाकडी खुंटी, जिला दुकानात डॉवेल म्हणतात, बहुधा 8 मिलिमीटर जाड आणि 30 लांब. ती 12 मिलिमीटर पृष्ठभागात आणि 18 कडेत जावी, आणि दोन्ही भोके मिलिमीटरभर अधिक खोल ठेवावीत, म्हणजे सरसाला जागा राहते. फेव्हिकॉलसारखा पांढरा सरस खुंटीला फासण्यापेक्षा भोकाच्या आतल्या भिंतीला लावावा. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: प्रीलॅमिनेटेड फळीच्या गुळगुळीत पृष्ठभागाला हा सरस चिकटत नाही, म्हणून फळीची कड तिच्यावर सरस लावून टेकवणे निरुपयोगी आहे, सरसाचे काम भोकाच्या आतच होते. सरस लावलेल्या खुंट्यांचा सांधा फार ताठ असतो, पण तो परत सुटत नाही.

दुसरी गोष्ट कन्फर्मॅट, म्हणजे 7 मिलिमीटर जाड, 50 लांब, बोथट टोकाचा आणि रुंद आट्यांचा स्क्रू, जो ॲलन कीने पिळतात. त्याला कडेत 5 मिलिमीटरचे आणि बाहेरच्या फळीत 7 चे भोक लागते. ही दोन्ही भोके आणि डोक्याची खळगी एकाच वेळी पाडणारे पायऱ्यांचे बिट मिळते, आणि ते घेण्यात कंजुषी करू नये. साध्या स्क्रूपेक्षा याची दांडी जाड असली तरी भोकही त्या मानाने मोठे असल्यामुळे तो कड उकलत नाही, आणि काळजीपूर्वक सोडवला तर काही वेळा परत घालता येतो.

तिसरी मिनिफिक्स. एका फळीच्या पृष्ठभागात 5 मिलिमीटरच्या भोकात बोल्ट पिळलेला असतो, तो दुसऱ्या फळीच्या कडेतल्या 8 मिलिमीटरच्या मोकळ्या भोकातून आत जातो, आणि त्या फळीच्या पृष्ठभागात बसवलेली 15 मिलिमीटरची चकती फिरवली की ती बोल्टचे डोके ओढून घेते. यात कडेत आटे मुळीच नाहीत. पकड पृष्ठभागातल्या घट्ट थरात आहे आणि चकती आपल्या खळगीच्या भिंतीवर रेलते. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्यांसाठी माझ्या मते हाच सांधा योग्य. चकती बसवताना तिच्यावरचा बाण कडेकडे असावा, आणि ती साधारण अर्धा फेरा फिरली की थांबावे. मात्र मिनिफिक्सच्या जोडीला खुंट्या असतात त्या गाळू नयेत. फळीचे वजन त्या पेलतात, बोल्ट फक्त ओढून धरतो.

वजन पेलणे आणि ओढून धरणे यांतला हा फरक चवथीच्या दिवसांत गोव्याच्या घराघरांत दिसतो. नारळ, सुपारीचे घोस आणि फळांनी लगडलेली माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर केलेल्या आराशीची, चौकट दोऱ्यांनी वर टांगलेली असते. ती कोणी स्क्रूने छताला चिकटवत नाही. कपाटातही जिथे जमेल तिथे फळी कशावर तरी टेकलेली असावी. तळाची फळी दोन बाजूंच्या मध्ये अडकवण्याऐवजी बाजू तिच्यावर उभ्या केल्या, किंवा पुस्तकांच्या फळीखाली लाकडी पट्टी मारली, तर स्क्रूवर येणारा भार बराच कमी होतो.

पाठ ही शोभेची वस्तू नाही

कपाटाच्या मागे येणारी 3 ते 6 मिलिमीटरची पातळ पाठ अनेक जण शेवटी, कंटाळून, चार खिळ्यांवर भागवतात. हिशेब करून पाहावा. समजा 180 सेंटिमीटर उंच कपाटाला पाठ नाही, मधल्या फळ्या नुसत्या टेकवलेल्या आहेत, आणि वरच्या कोपऱ्याला कोणी बाजूने 10 किलोचा रेटा दिला. हा रेटा गुणिले उंची म्हणजे 18 किलो-मीटर, ते चार कोपऱ्यांत वाटले गेले तर प्रत्येकी साडेचार. कोपऱ्यातली आडवी फळी 18 मिलिमीटर जाड आहे. सांधा उघडू लागतो तेव्हा ती एका धारेवर टेकते आणि स्क्रू त्या धारेपासून फक्त 9 मिलिमीटरवर असतो. साडेचार भागिले 0.009 म्हणजे 500 किलो. तीन स्क्रू असले तर प्रत्येकावर 160 किलोहून अधिक ओढ, आणि कडेतून किमान अपेक्षा होती 87 किलोची. हिशेब ढोबळ आहे, पण टेम्पोत चढवताना रिकामे कपाट फरशीवरून बाजूने ओढले की त्याचे कोपरे का करकरतात, ते त्यातून दिसते. फोंड्याहून म्हापशाला जाताना माझ्या त्याच पुस्तकांच्या कपाटाची अखेर अशीच झाली.

पाठ लावली की हा रेटा तिच्या पूर्ण पानभर पसरतो आणि कोपऱ्यांवर जवळजवळ काही उरत नाही. त्यासाठी आधी कपाट जमिनीवर पालथे घालून दोन्ही कर्ण मापावेत. ते सारखे आले की कपाट काटकोनात आहे, आणि मगच पाठ चारही बाजूंनी दर 10 ते 15 सेंटिमीटरवर लहान स्क्रूंनी बसवावी. मधल्या एका फळीलाही ती जोडावी.

बिजागरी

कप बिजागरीसाठी दारात 35 मिलिमीटरची खळगी लागते, आणि बिजागरीचे दोन्ही भाग पृष्ठभागात बसतात, त्यामुळे पकड मुळात चांगली असते. तरी दारे निखळतात, कारण दार त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलले जाते. 45 सेंटिमीटर रुंद दाराच्या बाहेरच्या टोकाला 5 किलोचा धक्का बसला आणि बिजागरीचा टेकू स्क्रूंपासून 3 सेंटिमीटरवर असला, तर स्क्रूंवर एकूण 75 किलोची ओढ येते. पहार लावून दगड उचलावा तसेच हे. दार भिंतीला किंवा शेजारच्या खाटेला आपटत असेल तर आधी त्याला अडवणारा रबरी ठोकळा लावावा. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, बिजागरीचे स्क्रू हलक्या हाताने तपासावेत. एक सैल झाला की त्याचा वाटा शेजारच्यावर जातो आणि मग दोन्ही जातात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर गोव्यातली हवा इतकी दमट असते की कपाटातले कपडेही ओलसर लागतात. बोर्ड या ओलाव्याने फुगतो, आणि दाबून बसवलेले तुकडे एकदा पसरले की सुकल्यावरही पूर्ववत होत नाहीत. फुगलेल्या जागी राळ तुटलेली असते. तिथे स्क्रूला धरायला काहीच उरत नाही. म्हणून तळाच्या फळीला प्लास्टिकचे पाय लावून ती फरशी पुसण्याच्या पाण्यापासून वर ठेवावी, कापलेल्या सर्व कडांना पट्टी चिकटवावी, आणि मागे न दिसणाऱ्या कडाही सोडू नयेत. पाइपासाठी पाडलेल्या भोकांच्या आतून दोन हात वॉर्निश द्यावे. जुन्या चिऱ्याच्या भिंती पाझरतात, तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे. नव्या फळ्या आणल्या असतील तर त्या दोन-तीन दिवस खोलीत आडव्या ठेवून मगच भोके पाडावीत.

आटे गेले असतील तर

पृष्ठभागातले भोक पोखरले गेले असेल आणि जागा बदलता येत असेल, तर बिजागरी 3 सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवणे सर्वांत सोपे. जागा बदलता येत नसेल तर जुने भोक 8 मिलिमीटरचे करावे, आतला सैल भुसा पूर्ण काढावा, भिंतीला सरस लावून 8 मिलिमीटरची खुंटी ठोकावी, पृष्ठभागाशी सपाट कापावी आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. मग तिच्या मध्यात नवे भोक पाडून स्क्रू पिळावा. कडेतल्या भोकासाठीही हीच रीत आहे, फक्त खुंटी ठोकण्याआधी फळीच्या दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळून ठेवावा, नाहीतर खुंटीच कड उकलते. आगपेटीच्या काड्या खुपसणे हा पाहुणे दाराशी असतानाचा उपाय आहे.

भार मोठा असेल, तर आरपार भोक पाडून मागे रुंद वॉशर आणि नट लावलेला बोल्ट घालावा. वॉशरमुळे ओढ मोठ्या जागेवर पसरते आणि बोर्डातल्या आट्यांचा प्रश्नच राहत नाही. बाहेरून नट दिसतो, तो टोपीने झाकता येतो. फळी फुगलेली असेल तर मात्र यांपैकी काहीही करू नये. ती फळी मापाने उतरवून घ्यावी, नवी कापून आणावी, आणि जुन्या फळीवरची भोके पेन्सिलीने तिच्यावर उतरवून घेण्याआधी त्यांतली कुठली चुकीच्या जागी होती, ते पाहून घ्यावे.